एअरटाइम जास्त म्हणजे राइड जास्त तीव्र, हे समीकरण कितपत खरे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही हे तुम्हाला पडताळता येईल. सुमारे चाळीस रोलर कोस्टरचा अनुभव गाठीशी असलेल्या तुमच्या मित्रमंडळींत वाद पेटला आहे. एका मित्राचे म्हणणे असे, की अमेरिकेतल्या सीडर पॉइंट या उद्यानातल्या स्टील व्हेन्जन्सवर २७.२ सेकंदांचा एअरटाइम (म्हणजे आसनातून वर उचलले जाण्याचा अनुभव) जाहीर झालेला आहे, म्हणून तोच सर्वांत तीव्र कोस्टर. तुम्हाला मात्र किंग्ज डोमिनियन या दुसऱ्या अमेरिकी उद्यानातल्या इंटिमिडेटर ३०५ वर पहिल्याच वळणात डोळ्यांसमोर अंधारी आली होती, आणि तिथे एअरटाइम तुलनेने कमी असूनही तीच राइड तुम्हाला अधिक तीव्र वाटली. दोन्हींना एकाच फूटपट्टीने मोजून क्रमवारी लावता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

एका फूटपट्टीने मोजता येणार नाही. तुलना मात्र नक्की करता येते, आणि ती बरीच काटेकोरही करता येते. मी गेली सतरा वर्षे कोस्टरवरच्या प्रवेगांच्या नोंदी ठेवतो आहे, त्यांतली काही वर्षे पेशा म्हणून आणि बाकीची निव्वळ वेड म्हणून. त्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे, की तुम्ही दोघे दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहात. एअरटाइम हे बलाच्या एका विशिष्ट दिशेला दिलेले नाव आहे, तर तीव्रता म्हणजे त्या राइडने तुमच्या शरीराकडून एकूण किती वसूल केले याचा हिशेब. पहिली गोष्ट दुसऱ्या हिशेबातली एक नोंद असू शकते, पण ती संपूर्ण हिशेब होऊ शकत नाही.

सुरुवात एअरटाइमपासून करू. खुर्चीत स्वस्थ बसलेल्या माणसाला १ जी जाणवतो, म्हणजे स्वतःच्या वजनाइतका दाब. गाडी टेकडीच्या शिखरावरून जाताना हा आकडा कमी होत जातो, शून्यावर आला की आसनाचा आधार संपतो, आणि शून्याच्या खाली गेला की लॅप बार, म्हणजे मांड्यांवरचा आडवा दांडा, तुम्हाला खाली दाबून धरतो. उणे १ जीला सत्तर किलोच्या माणसाच्या मांड्यांवर त्याच्याच वजनाइतका दाब येतो. शून्याच्या आसपास रेंगाळणाऱ्या, पोटात हळूच गोळा आणणाऱ्या एअरटाइमला आपण फ्लोटर म्हणतो, आणि आसनातून उपटून काढल्यासारखा जो येतो त्याला इजेक्टर. स्पेनमधल्या पोर्टअव्हेन्चुराचा शांभला, २०१२ सालचा आणि ७६ मीटर उंचीचा, पहिल्या प्रकारचा नमुना आहे, तर २००६ सालचा अमेरिकेतला लाकडी कोस्टर एल टोरो दुसऱ्या प्रकारचा. (रुळाच्या खालच्या बाजूने धावणारी चाके नसती, तर हे दोन्ही प्रकार सुरक्षितपणे शक्यच झाले नसते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोस्टरचा आरेखक जॉन मिलरने ती प्रचारात आणली, आणि आपल्या या छंदाचा खरा जन्मदाता म्हणून मी त्यालाच मानतो.)

आता एक साधा हिशेब पाहा, कारण तुमच्या मित्राच्या युक्तिवादातली फट त्यातच आहे. समजा, गाडी शिखरावरून सेकंदाला २० मीटर वेगाने जात आहे. शिखराची त्रिज्या सुमारे ४०.८ मीटर असेल, तर तुम्हाला बरोबर शून्य जी मिळतो, आणि ती निम्मी, म्हणजे २०.४ मीटर केली, तर उणे १ जी. आता टेकडीचा चढ आणि उतार दोन्ही ३० अंशांचे आहेत असे धरू. शून्य जीच्या टेकडीवर तुम्ही ढोबळमानाने २.३ सेकंद तरंगत राहता. उणे १ जीच्या टेकडीवर तोच ३० अंशांचा चढ तेवढ्याच उताराकडे वळवायला जवळजवळ निम्मा वेळ, म्हणजे साधारण १.२ सेकंद पुरतो. याचा अर्थ असा, की ठरावीक वेगाला आणि ठरावीक कोनाला एअरटाइमची एकूण शिदोरी ठरलेलीच असते, आणि ती सावकाश पुरवून खायची की एका घासात संपवायची, एवढेच आरेखकाच्या हाती असते.

म्हणूनच एअरटाइम सेकंदांत मोजला की फ्लोटर टेकड्यांना आपोआप झुकते माप मिळते. ज्या टेकडीने तुम्हाला सणकून वर फेकले तिच्या नावावर सेकंद कमी जमा होतात, आणि जिने हळुवार तरंगत ठेवले तिच्या नावावर जास्त. त्यातही कोणत्या आकड्याच्या खाली गेल्यावर घड्याळ सुरू करायचे, शून्याच्या, ०.२ च्या की उणे ०.२ च्या, यावर बेरीज कितीही ताणता किंवा आखडता येते. २७.२ हा आकडा खोटा आहे असे मी अजिबात म्हणत नाही. पण हॉलिडे वर्ल्ड या अमेरिकी उद्यानातल्या व्हॉयेज या कोस्टरसाठी सांगितले जाणारे सुमारे २४ सेकंद त्याच्या शेजारी ठेवून स्टील व्हेन्जन्स तीन सेकंदांनी सरस आहे असे कोणी म्हणू लागले, तर मी त्याला दोन्ही ठिकाणी घड्याळ कोणत्या आकड्याला सुरू केले होते, हे आधी विचारीन. स्टील व्हेन्जन्स मला प्रिय आहे तो वेगळ्याच कारणासाठी. सुमारे १,७५० मीटरच्या रुळावर तिथे प्रत्येक टेकडी वेगळ्या चवीची आहे, आणि काही ठिकाणी गाडी एका कुशीवर झुकलेली असतानाच तुम्हाला बाहेर फेकते. ही विविधता सेकंदांच्या बेरजेत कुठेच दिसत नाही.

हँगटाइमची गल्लत इथेच निस्तरतो. गाडी उलटी होऊन मंदावली आणि तुम्ही पट्ट्यांवर लोंबकळू लागलात, की यंत्र तिथेही ऋण आकडा दाखवते. त्यामुळे नुसत्या आलेखावरून एअरटाइम मोजणारी माणसे ही लोंबकळही बेरजेत धरतात. स्टील व्हेन्जन्समध्ये चार वेळा गाडी उलटी होते, तेव्हा हा प्रश्न तिथे गैरलागू नाही. मी हँगटाइमची नोंद स्वतंत्र करतो, कारण पोटात गोळा येणे आणि डोक्यात रक्त उतरणे या दोन संवेदना एकमेकींच्या जवळपासही नाहीत.

आता तीव्रतेकडे वळू. यासाठी तुमच्याच उदाहरणाइतके चांगले उदाहरण मला शोधूनही सापडले नसते. इंटिमिडेटर ३०५ हा २०१० सालचा (त्याचे नाव पुढे बदलले), आणि सीडर पॉइंटचा मिलेनियम फोर्स २००० सालचा. दोन्ही इंटामिन या राइड बनवणाऱ्या कंपनीने बांधलेले. उंची जवळजवळ सारखी, पहिल्याची सुमारे ९३ मीटर आणि दुसऱ्याची साडेचौऱ्याण्णव. कमाल वेग ताशी सुमारे १४५ आणि १५० किलोमीटर. कागदावर ही जुळी भावंडे वाटतात. प्रत्यक्षात मिलेनियम फोर्सवरून माणसे वारा पिऊन आल्यासारखी प्रसन्न चेहऱ्याने उतरतात, आणि इंटिमिडेटरवरून उतरणाऱ्यांपैकी काही जण आधी कठडा धरतात. हा फरक उंचीतून किंवा वेगातून येत नाही, तो वेग कशात खर्च केला यातून येतो. मिलेनियम फोर्स मोठ्या, उंच, सैल वळणांत तो हळूहळू उधळतो. इंटिमिडेटर उतार संपताक्षणी, कमाल वेगात असतानाच, जमिनीलगतच्या एका लांब वळणात शिरतो आणि काही सेकंद तुम्हाला आसनात दाबून ठेवतो. पहिल्या हंगामात इतक्या लोकांच्या डोळ्यांसमोर तिथे अंधारी आली, की आधी उतारावर ब्रेक लावून वेग कमी करावा लागला आणि हंगाम संपल्यावर वळणाचा रूळच बदलून त्रिज्या वाढवावी लागली.

अंधारी येण्याचे कारण सरळ आहे. धन जी वाढला की रक्त डोक्याकडून पायांकडे खेचले जाते, आणि डोळ्याच्या पडद्याचा पुरवठा सर्वांत आधी तुटतो. इथे शिखरमूल्यापेक्षा कालावधी महत्त्वाचा असतो. पाव सेकंदाचा ४ जी बहुतेकांना बाधत नाही, पण तोच ४ जी तीन-चार सेकंद टिकला तर बेसावध माणसाची दृष्टी कडांकडून करडी होत जाते. म्हणूनच राइडच्या सुरक्षा-मानकांत प्रवेगाची मर्यादा एका आकड्यात दिलेली नसते, कालावधी वाढला की सोसण्याजोगा आकडा खाली येईल अशा वक्ररेषेच्या रूपात ती दिलेली असते. तुम्हाला तो त्रास पुन्हा होऊ नये असे वाटत असेल, तर वळण येण्याआधी मांड्या आणि पोट आवळून धरा आणि श्वास रोखून ठेवू नका. दृष्टी करडी होण्यापुरता प्रकार असेल तर तो या राइडचा स्वभाव समजा. पण शुद्ध हरपली असेल, तर पुन्हा रांगेत उभे राहण्याआधी डॉक्टरांना भेटा.

कालावधीइतकाच महत्त्वाचा दुसरा घटक म्हणजे बल किती झटकन वाढते. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर आलेल्या फ्लिप फ्लॅप रेल्वेचे उलटे वर्तुळ खरोखरचे वर्तुळ होते. पूर्ण वर्तुळाच्या माथ्यावरून गाडी जेमतेम पार व्हायची, तर तळाशी सैद्धांतिक हिशेबाने किमान ६ जी येतो, आणि तोही सपाट रुळावरून एका क्षणात. माना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या यात नवल नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनच्या रेव्होल्यूशन या कोस्टरवर अभियंता वेर्नर स्टेंगल यांनी अश्रूच्या थेंबासारखा आकार वापरला, ज्यात त्रिज्या तळाशी मोठी असून वर जाताना लहान होत जाते. तेव्हापासून उलटे होणे ही सर्वसामान्यांना झेपणारी गोष्ट झाली. उंची बदलली नाही तरी केवळ बल चढण्याची गती बदलून तीव्रता किती बदलते, याचे हे सर्वांत जुने उदाहरण मला माहीत आहे.

तिसरा घटक माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे, आणि तो म्हणजे उसंत. इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्सचा नेमेसिस पाहा. तो १९९४ चा, २०२४ मध्ये नव्या रुळांवर पुन्हा सुरू झालेला, आणि त्याचा वेग ताशी जेमतेम ८१ किलोमीटर आहे. झाडांच्या शेंड्यांवर जाण्याची परवानगी नसल्याने जमीन खोदून त्याला खाली जागा करून दिली. आकडे पाहून कोणी त्याला घाबरणार नाही. पण तो एका वळणातून दुसऱ्या उलट्या वेढ्यात अशा घाईने नेतो, की शरीराला आधीचा दाब पचवायला वेळच मिळत नाही. जर्मनीतल्या फँटासियालँडचा टॅरॉन त्याच कुळातला. एकदाही उलटा न होता, एअरटाइमची फारशी उधळण न करता, २०१६ पासून तो केवळ डावी-उजवीकडच्या सततच्या बदलांवर माणसांना थकवतो आहे. याउलट, एक सणसणीत इजेक्टर टेकडी आणि तिच्यानंतर पाच सेकंदांचा सरळ रूळ असेल, तर ती टेकडी आठवणीत राहते, पण राइड तीव्र वाटत नाही. माझ्या जुन्या नोंदी चाळताना मला हे वारंवार दिसले, की ज्या राइडना मी 'अतितीव्र' लिहिले होते, त्यांच्या आलेखांत सर्वांत मोठा आकडा फारसा वेगळा नव्हता. दोन मोठ्या आकड्यांमधले अंतर मात्र कमी होते.

खडबडीतपणाला कृपया तीव्रता म्हणू नका. जुन्या लाकडी कोस्टरवर हाडे खिळखिळी झाली, तर ती देखभालीची किंवा चाकांची कथा असते, आरेखनाची नसते. सुरुवातीची दोन वर्षे मी स्वतः ही चूक करत होतो. मोजयंत्र एका लाकडी कोस्टरवर ५ जीच्या वर आकडे दाखवत होते आणि मी ते अभिमानाने टिपत होतो. पुढे एका अनुभवी सहकाऱ्याने ५ हर्ट्झच्या वरची थरथर गाळून तोच आलेख माझ्यासमोर ठेवला, तेव्हा तिथे साडेतीनसुद्धा उरला नाही. उरलेले सगळे रुळांचे खडखडणे होते. फोनमधल्या ॲपवरून काढलेल्या आकड्यांबद्दल मी साशंक असतो तो याचमुळे. शिवाय फोन खिशात तिरका झाला की कोणते बल कोणत्या अक्षात गेले याचा पत्ता लागत नाही. फोन नेण्याची परवानगी असेल आणि खिसा चेनचा असेल तरच हा उद्योग करावा, हातात धरून तर कधीच नाही.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, हेही मान्य करायला हवे, कारण तुम्ही आणि तुमचा मित्र कदाचित दोन वेगळ्याच राइडबद्दल भांडत असाल. पहिली गोष्ट म्हणजे गाडीत तुम्ही कितव्या रांगेत बसलात. लांब गाडीचा मध्य शिखरावर असतो तेव्हा गाडी सर्वांत मंद असते, म्हणून मधल्या डब्यांना सर्वांत सौम्य एअरटाइम मिळतो. पुढच्या रांगेला झटका चढताना, शिखराच्या जरा अलीकडे बसतो. मागची रांग शिखरापाशी पोहोचते तेव्हा पुढचे डबे उतरू लागलेले असतात, आणि ती शिखरावरून अक्षरशः ओढून खाली नेली जाते. दुसरी गोष्ट, दिवसाची वेळ. सकाळच्या गारव्यात चाके आणि बेअरिंग थंड असतात, तर दुपार टळल्यावर तीच गाडी मोकळी धावते. मघाच्याच रीतीने हिशेब केला, तर २७.२ मीटर त्रिज्येच्या टेकडीवर सेकंदाला २० मीटर वेगाने उणे ०.५ जी मिळतो. (ही संख्या इथेही २७.२ आली हा योगायोग आहे.) वेग फक्त पाच टक्क्यांनी वाढला, की तो उणे ०.६५ होतो, कारण इथे वेगाचा वर्ग मोजला जातो. एकाच टेकडीला सकाळी फ्लोटर आणि संध्याकाळी इजेक्टर म्हणणारे दोन जण दोघेही प्रामाणिक असू शकतात. तिसरी गोष्ट, तुमचे स्वतःचे शरीर: उंची, मांड्यांची ठेवण, त्या दिवशीची कितवी राइड, पुरेसे पाणी प्यायलात की नाही. लॅप बार सैल ठेवून एअरटाइम वाढवण्याची शक्कल काही जण सुचवतात. तो सैल ठेवला म्हणून टेकडीचे बल वाढत नाही, तुम्ही बारवर जास्त जोराने आदळता एवढेच. कर्मचाऱ्याने तपासून बसवलेला बार शेवटचा मानावा.

मग तुलना करायची कशी? मी जे करतो ते सांगतो. राइडवरून उतरल्यावर, बाहेर पडण्याच्या उतारावरच, खिशातल्या छोट्या पुठ्ठ्याच्या कार्डावर पेन्सिलीने लिहितो. पूर्वी मी रात्री खोलीवर बसून दहापैकी गुण देत असे. वर्षभराने पाहिले तर दिवसाची शेवटची राइड जवळजवळ नेहमीच पहिल्या क्रमांकावर होती, कारण तीच ताजी होती. आता कार्डावर आधी रांग आणि वेळ येते. मग एअरटाइमसाठी सेकंद किंवा गुण न लिहिता मी टेकड्या नावानिशी लिहितो: कोणती तरंगवणारी, कोणती उपटणारी, कोणती वाया गेलेली. तीव्रतेसाठी तीनच गोष्टी टिपतो. सर्वांत लांब दाब कुठे आला, सर्वांत अचानक बदल कुठे झाला, आणि पहिल्यांदा मोकळा श्वास कुठे घेता आला. शेवटची नोंद बावळटासारखी वाटेल, पण तीच सर्वांत जास्त सांगून जाते. माझ्या एका कार्डावर त्या जागी फक्त 'ब्रेक' असे लिहिले आहे, म्हणजे स्थानकाआधीच्या शेवटच्या ब्रेकपर्यंत उसंतच मिळाली नव्हती.

क्रमवारी लावायचीच असेल, तर गुणांऐवजी जोड्या लावा. सर्वांनी फक्त एवढेच सांगायचे, की स्वतः अनुभवलेल्या या दोघांपैकी एअरटाइमसाठी कोणता आणि तीव्रतेसाठी कोणता. दोन्ही याद्या वेगवेगळ्या ठेवायच्या आणि त्यांची सरासरी कधीही काढायची नाही. दहापैकी आठ म्हणजे काय यावर दोन माणसांचे एकमत होत नाही, पण 'हा की तो' याचे उत्तर बहुतेकांना चटकन देता येते. चाळीस कोस्टरच्या सगळ्या जोड्या ७८० होतात, तेव्हा वरच्या दहांपुरतेच हे करा. त्या पंचेचाळीस जोड्या अर्ध्या तासात उरकतात.

तुमच्या वादापुरते माझे उत्तर असे आहे. एअरटाइमच्या यादीत मी स्टील व्हेन्जन्स निःसंकोच वर ठेवीन. तीव्रतेच्या यादीत इंटिमिडेटर ३०५ वर राहील, मात्र ते प्रामुख्याने पहिल्या वळणाच्या आणि नंतरच्या जमिनीलगतच्या झपाटेदार बदलांच्या बळावर. मित्राचा मुद्दा एका बाबतीत मला मान्य आहे. स्टील व्हेन्जन्सच्या उत्तरार्धात टेकड्या इतक्या दाटीने येतात, की तिथे एअरटाइमच उसंत हिरावून घेतो आणि तीव्रता बनतो. पूर्वार्ध मात्र त्या मानाने ऐसपैस आहे. तो शेवटच्या रांगेत संध्याकाळी बसला असेल आणि तुम्ही मधल्या डब्यात सकाळी, तर हा उत्तरार्ध तुम्हाला निम्माच भेटला असण्याची दाट शक्यता आहे. तेव्हा आधी दोघांच्या रांगा आणि वेळा इथे लिहा. त्या कळल्यावर हवे तर मी माझ्या कार्डांवरच्या त्याच रांगांच्या नोंदी तुमच्यासाठी काढून ठेवतो.